पाऊणपट तिथी

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर जाऊन "खांदेरीची होडी किती वाजता?" असं विचारलं, तर उत्तराऐवजी बऱ्याचदा उलटा प्रश्न येतो, "कुठल्या तिथीला जायचंय?" शहरातल्या माणसाला वाटतं, यांचा काही उपासतापास असावा. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मात्र मनातल्या मनात पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणत असतो.

कोकणासमोरची छोटी बेटं गर्दीपासून वाचली ती दूर आहेत म्हणून नाही. खांदेरी आणि उंदेरी थळच्या वाळूतून स्वच्छ दिसतात. सुवर्णदुर्ग हर्णैच्या बंदरातून हाकेच्या अंतरावर वाटतो. पद्मदुर्ग तर रोज शेकडो माणसं बघतात, पण जंजिऱ्याच्या तटावरून. गाइड हात लांब करून "तो बघा, कासा किल्ला" म्हणतो, लोक माना वळवतात, फोटो काढतात आणि शिडाच्या होडीतून राजपुरीला परत जातात. पर्यटकाला वेळापत्रक लागतं आणि या बेटांचं वेळापत्रक रोज पाऊण तासानं सरकतं. तिकीटखिडकीला हे परवडत नाही. ज्याला हा हिशेब येतो, त्याच्यासाठी बेट रिकामं असतं.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या तासाला भरती पूर्ण, दुपारीही आणि पहाटेही. चतुर्थी म्हणजे तीन वाजता भरती, मग सहा तास मागेपुढे, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ आणि सव्वादोन. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते, म्हणून तीस तिथ्यांचं कोष्टक पंधरातच आटोपतं.

पाऊणपटच का, याचंही उत्तर आकाशात आहे. एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकणं. पृथ्वीला बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, तेवढा भरतीला उशीर होतो. जुन्या लोकांनी ४८ ची ४५ केली, कारण पाऊणकीचा पाढा सगळ्यांना पाठ होता. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं सांडतात, पौर्णिमेपर्यंत त्याचा पाऊण तास होतो. म्हणून हिशेबानं पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, पण खलाशी "बाराच्या आसपास" म्हणतो. शिवाय उधाणाकडून (मोठ्या भरतीचे दिवस) भांगाकडे (लहान भरतीचे दिवस) जाताना भरती हिशेबापेक्षा लवकर येते, भांगाकडून उधाणाकडे जाताना उशिरा. तासभर इकडेतिकडे धरूनच चालायचं. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्याचा. दक्षिणेला जावं तशी भरती जरा अलीकडे येते, कारण तिची लाट आपल्या किनाऱ्यानं दक्षिणेकडून वर चढते. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवायचा आणि घड्याळ लावायचं ते त्या बंदराच्या छापील कोष्टकावरून.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला या पट्ट्यात भरती आणि ओहोटी यांत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला तो निम्म्याच्या आत येतो. खरं उधाण पौर्णिमेला नसून एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला असतं. पाण्याला चंद्राचं ऐकायला थोडा वेळ लागतो. यातून एक साधा नियम निघतो, चालत जायचं तर उधाण आणि होडीनं जायचं तर भांग.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लोक चालत जातात, म्हणून तिथे उधाणाची ओहोटी हवी. पण पौर्णिमेला ती पहाटे आणि संध्याकाळी पडते, एक वेळ अंधाराची, दुसरी अंधार होण्याची. तृतीया ते पंचमी सगळ्यांत सोयीची, पाणीही बऱ्यापैकी खाली जातं आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते हे खरं, पण ती भांगाची. वाळू पूर्ण उघडी पडत नाही आणि माणसं गुडघाभर पाण्यात "ओहोटी आहे ना?" असं एकमेकांना विचारत उभी राहतात.

होडीचं उलट. थळसारख्या उथळ ठिकाणी ओहोटीला होड्या चिखलात बसतात, काही तास त्या हलत नाहीत. म्हणजे निघायचं भरतीच्या पाण्यावर आणि परतायचंही भरतीच्याच पाण्यावर. अष्टमी-नवमीला पहाटे सहा-सातला भरती, संध्याकाळी सहा-सातला पुन्हा भरती, मधला सगळा दिवस बेटावर. भांगामुळे दुपारची ओहोटीही फार खोल जात नाही, ओढ कमी असते आणि निघताना तासभर मागेपुढे झालं तरी होडी बसत नाही. हेच उधाणाच्या द्वितीयेला केलं तर भरती दुपारी दीडला येते. निघायलाच दुपार होते आणि उतरून एक चक्कर मारेपर्यंत तांडेल शिट्ट्या मारायला लागतो.

तो शिट्ट्या उगाच मारत नाही. सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात पुन्हा एक. भरती पूर्ण झाल्यावर पहिला तासभर काही झाल्यासारखंच दिसत नाही. "अजून भरपूर पाणी आहे की, अर्धा तास थांबू" हे वाक्य नेमकं याच वेळी उच्चारलं जातं. पुढच्या दोन-तीन तासांत अर्ध्याहून जास्त पाणी निघून गेलेलं असतं आणि होडी वाळूच्या दांड्यावर टेकते. घोटाभर पाण्यात टेकलेली होडी ढकलायचा उत्साह फार टिकत नाही. मग पुढच्या भरतीची वाट बघत बसायचं, तीही बहुधा अंधारात.

खांदेरी या सगळ्यांत सोपी, कारण तिथे उतरायला धक्का आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी, मायनाक भंडारींच्या हाताखाली, इथे तट बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रज हादरले. त्यांची मोठी जहाजं बेटाला वेढा घालून उभी राहिली. पण मराठ्यांच्या होड्या लहान, तळ उथळ, रात्रीच्या अंधारात किनाऱ्यालगतच्या कमी पाण्यातून रसद घेऊन त्या बेटावर जात राहिल्या. इंग्रजांच्या जहाजांना खोल पाणी हवं होतं, त्यामुळे वेढा गळका राहिला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला आणि सिद्दीनं चिडून शेजारची उंदेरी बांधून काढली. म्हणून तर ही जोडी. एक बेट मराठ्यांचं, दुसरं त्यांच्यावर डोळा ठेवणाऱ्याचं.

खांदेरीवर उतरल्यावर दोन टेकाडं दिसतात. दक्षिणेच्या टेकाडावर १८६७ साली उभारलेलं दीपगृह आहे. वाटेत वेताळाचं ठाणं लागतं. थळच्या कोळ्यांचा हा देव, आणि किल्ल्यापेक्षा त्यांचं येणंजाणं जास्त करून त्याच्यासाठीच. चपला कुठे काढायच्या हे त्यांच्याकडे बघून ठरवावं. एक शिळा आहे, दगडानं टोकली तर भांड्यासारखी वाजते. सगळे ती वाजवतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा बुरुजांवरच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा बघाव्यात. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत तोफा मातीत लोळताना दिसतात, इथे त्या चाकांसकट उभ्या आहेत. तटाबाहेर मोठाले ओबडधोबड दगड रचून टाकलेत. त्यांच्यावर कालवं बसली की त्यावरून अनवाणी चढणं अशक्य, शत्रूलाही आणि आपल्यालाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत खांदेरी आहे आणि सुवर्णदुर्गही. गर्दी यायला किती दिवस लागतील कोण जाणे. पण तिथी काही युनेस्कोच्या हातात नाही.

उंदेरीला धक्का नाही. चारी बाजूंनी खडक, तेही शेवाळलेले. इथे भरतीच्या वरच्या तासातच जावं आणि समुद्र हलत असेल तर जाऊच नये. उतरायची पद्धत अशी की तांडेल होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खडकाकडे करतो आणि इंजिन हलकं ठेवून थांबतो. लाटेबरोबर होडी वर येते, क्षणभर स्थिर होते, मग खाली बसते. पाऊल टाकायचं ते ती वर असताना. होडी खाली जात असताना टाकलेलं पाऊल हवेत राहतं. पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे, आणि होडीचा काठ व खडक यांच्यामध्ये बोटं कधीच जाऊ द्यायची नाहीत. बहुतेक जखमा बुडून होत नाहीत, त्या या वीतभर फटीत होतात. हिरवं शेवाळ निसरडं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. काळा, कोरडा दिसणारा खडक जास्त फसवतो, ओला झाला की तो साबणासारखा होतो. पट्ट्याचे रबरी सँडल घालावेत. बूट घातले तर पाणी भरून जड होतात, साध्या चपला पहिल्याच लाटेला मोकळ्या होतात.

हर्णैचा सुवर्णदुर्ग त्या मानानं प्रेमळ. महाद्वारासमोर वाळूची एक पट्टी आहे, होडी तिच्याजवळ नेतात आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत तट सलग वाटतो. पायरीवर कासव कोरलंय, शेजारच्या भिंतीवर मारुती. लोक मारुतीला हात जोडतात आणि कासवावर पाय ठेवून आत जातात. आत मात्र झाडोरा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवत खांद्याला लागतं, पाऊलवाट अशी नसते आणि पाण्याच्या जुन्या टाक्यांचे काठ गवतात झाकलेले असतात. हातात काठी घेऊन पुढची जमीन चाचपडतच चालावं. डिसेंबरनंतर गवत वाळतं, मग तटावरून पूर्ण फेरी करता येते. तटावरून किनाऱ्याकडे बघितलं की कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड ओळीनं दिसतात. तीन किल्ले किनाऱ्यावर आणि मोठा पाण्यात, असा तो सगळा डाव. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांकडून तो जिंकला. महिना लक्षात घेण्यासारखा आहे, पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणजे एप्रिलच.

हर्णैला होडी ठरवायची तर मासळीच्या लिलावाच्या गडबडीत विचारू नये. तेव्हा किनाऱ्यावरचा कुठलाही माणूस तुमच्याकडे बघणार नाही, आणि बघितलं तर सांगितलेला दर लिलावाचाच असेल.

पद्मदुर्गाला जायचं ते मुरुडहून. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात, त्या इकडे येत नाहीत. ठरावीक फेऱ्या नाहीत, अख्खी होडी ठरवावी लागते. म्हणून सहा-आठ जणांचा गट बरा, एकट्यादुकट्याला खर्च जड जातो. महाराजांच्या पत्रात या किल्ल्याबद्दल "राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी" असे शब्द आहेत. इथे उभं राहून जंजिऱ्याकडे बघितलं की ते शब्द अक्षरशः कळतात. पण पद्मदुर्गावर खरं थांबावं ते तटाच्या दगडांपाशी. दगड झिजून आत गेलेत आणि त्यांना जोडणारा चुना जागच्या जागी राहिलाय, त्यामुळे भिंतीवर रिकाम्या चौकटींची जाळी दिसते. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हानं वाळतं, मिठाचे खडे फुगतात आणि दगडाचा एकेक कण सुटतो. दर भरतीला हे पुन्हा. चुना मळणाऱ्यांनी त्यात काय घातलं होतं यावर गाइड लोक गूळ-शिसं-बेलफळ अशा अनेक पाककृती सांगतात. ऐकायला मजा येते, विश्वास जपून ठेवावा. पडकोटाच्या, म्हणजे बाहेरच्या तटाच्या, बुरुजावरच्या चर्या (वरचे दगडी कंगोरे) कमळाच्या पाकळ्यांसारख्या आहेत, नाव त्यावरून. आणि ती पाकळी होडीतून जवळ येताना जितकी छान दिसते तितकी वर चढल्यावर दिसत नाही, तेव्हा कॅमेरा उतरण्याच्या घाईत पिशवीत टाकू नका.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र लगेच शांत होत नाही. मार्चपासून दुसरी अडचण, वारा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा उठतो आणि लाटांना पांढरे शेंडे येतात. एप्रिल-मेमध्ये जाताना होडी काचेवरून चालल्यासारखी जाते, परतताना तीच होडी सगळ्यांना अंघोळ घालते. त्या महिन्यांत भरतीपेक्षा वाऱ्याचा हिशेब मोठा, बाराच्या आत किनाऱ्याला लागायचं. आणि बेटावर सावली फारशी नसते, हे निघताना कुणालाच आठवत नाही.

माणशी तीन लिटर पाणी न्यावं. बेटावर गोड्या पाण्याची टाकी असते, हे किल्ल्याच्या वर्णनात वाचायला बरं असतं. प्रत्यक्षात त्या पाण्याचा रंग बघून तहान मरते. मीठ-साखरेच्या पुड्या, पोळीभाजी, जखमेसाठी पट्ट्या आणि जंतुनाशक, कारण कालवाचा चिरा बारीक दिसतो आणि दोन दिवसांनी सुजतो. मोबाइलला एक प्लास्टिकची पिशवी पुरत नाही, दोन घालाव्यात, एकीच्या आत एक. लाइफ जॅकेट होडीत आहेत का, हे पैसे ठरवायच्या आधी विचारायचं. असली तर ती नाळेखाली बांधून ठेवलेली असतात, ती सोडून अंगात घालायची. परवानगीचे नियम बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात चौकशी करावी. तांडेलाचा शब्द समुद्राच्या बाबतीत शेवटचा, कागदपत्रांच्या बाबतीत नाही. किनाऱ्यावर मागे राहणाऱ्या कुणाला तरी किती जण गेलेत आणि कधी परतणार, हे सांगून ठेवायचं. बेटाच्या पश्चिमेला, उघड्या समुद्राच्या बाजूला, खडकाच्या टोकावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. सात-आठ लाटा ओळखीच्या येतात आणि मग एक पाहुणी येते.

काही बेटांवर जाऊच नये, हेही सांगायला हवं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात, स्वतःच्या लाळेनं विणलेली. ती घरटी खाण्यासाठी विकली जातात म्हणून एकेकाळी तिथे चोरटे दोर टाकून शिरायचे. पाकोळी अंधारात टिकटिक आवाज काढून वाट शोधते. आपला टॉर्च आणि आपली कुजबुज तिच्या कामाची नाही. ती बेटं वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून, संध्याकाळी, दीपगृहाच्या उजेडासकट बघावीत. तेवढं पुरतं.

आणि ज्यांना पाऊणकी, शेवाळ, खारा वारा यातलं काहीच नको, त्यांनी गोव्यात दिवाडी बेटावर जावं. जुन्या गोव्याच्या चर्चना माणसं मुंग्यांसारखी लागलेली असतात. तिथून पाच मिनिटांवर मांडवीच्या काठी फेरीबोट उभी असते, पायी माणसाला तिकीट नाही, आणि पलीकडे शुकशुकाट. शेजारच्या चोडण बेटावर रायबंदरहून जातात. तिथे खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे आणि २०२५ पासून गाड्या चढवून नेणाऱ्या मोठ्या रो-रो फेऱ्याही सुरू झाल्यात. दिवाडीवर पिएदादची टेकडी चढून चर्चपाशी थांबावं, मग बेट ओलांडून नार्व्याच्या बाजूला जावं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग पलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटावर मूळ जागेपाशी दगडी तीर्थ उरलंय. फेरीनं नदी ओलांडली की नव्या देवळात. एकाच देवाच्या दोन जागा आणि मध्ये नदीचं पाणी.

भरती-ओहोटीपासून मात्र इथेही सुटका नाही. गोव्यात उधाणालाही पाण्याचा फरक दोन मीटरच्या आसपास, पण शेतं भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर. ही खाजण शेती बांधांनी राखलेली असते आणि बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. त्याला माणूस लागत नाही. ओहोटीला आतलं पाणी दार बाहेर लोटून निघून जातं, भरतीला बाहेरचं पाणी तेच दार आत दाबून बंद करतं. खारं पाणी थोडंफार झिरपतंच, म्हणून भात लावायचा तो कोरगुट, खारटपणा सोसणारा. बांध एका जागी फुटला तर एका उधाणात अख्ख्या गावाच्या शेताचं मीठ होतं. त्यामुळे बांधावरून चालताना कडेनं माती ढासळेल असं चालू नये, आणि दुचाकी तर बांधावर घालूच नये.

मानशीजवळ भरती लागायच्या वेळी पोचलात, तर आधी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा वेग मंदावतो, मग ते थांबतं. दार थोडा वेळ लटकत राहतं, ना आत ना बाहेर. मग बाहेरचं पाणी बोटभर चढतं आणि लाकूड चौकटीवर बसल्याचा जाड आवाज येतो. तिथून फेरीचा धक्का चालत बराच लांब आहे. शेवटची फेरी कधी सुटते ते उतरतानाच विचारून ठेवा.